चुका, लोकर आणि कोकणचा कोरा किनारा

माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. शाळा दापोली तालुक्यात, समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चक्रीवादळांच्या मार्गांचा मोठा नकाशा केला, त्याच्या या नोंदी. आणखी कुणाला करायचा असेल तर निदान माझे वाया गेलेले दिवस तरी त्यांचे वाचावेत.

७ ऑक्टोबर २०२४

सुरुवात वर्गातल्या एका प्रश्नातून झाली. नववीला शिकवताना सवयीने म्हणून गेलो, "चक्रीवादळं खंडांच्या पूर्व किनाऱ्यावर येतात, पश्चिम किनाऱ्यावर क्वचित." मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपण कुठल्या किनाऱ्यावर?" सगळा वर्ग हसला. ३ जून २०२० ला ही पोरं चौथी-पाचवीत होती. निसर्ग वादळात आमच्या शाळेचे पत्रे उडाले, त्यातले दोन शेजारच्या वाडीत पोफळीवर अडकलेले मिळाले. अशा वर्गाला "क्वचित" सांगायचं म्हणजे पुरावा दाखवायला हवा.

ठरलं असं: ८ बाय ४ फुटी प्लायवर जगाचा नकाशा, वादळाच्या मार्गावर बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकायच्या आणि त्यांच्यामधून लोकर न्यायची.

१० ऑक्टोबर

सकाळी शाळेत पाऊल टाकतोय तोच एक जण मोबाइल घेऊन उभा. "सर, मिल्टन. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर धडकलं. तुमचा नियम गेला."

नियम गेला नव्हता, पण मला नीट सांगताही येईना. मधल्या सुट्टीत नकाशा उघडला. फ्लोरिडाची पश्चिम बाजू हा खंडाचा पश्चिम किनारा नव्हेच. मेक्सिकोचं आखात हा खंडाच्या पूर्वेच्या बाजूला आत शिरलेला गरम पाण्याचा खिसा. मिल्टन त्याच खिशात तयार झालं आणि पूर्वेला सरकलं. खंडाचा पश्चिम किनारा म्हणजे कॅलिफोर्निया, तो तिथून हजारो किलोमीटर पलीकडे. नोंदवहीत पहिली सूचना लिहिली: किनाऱ्याची दिशा पाहू नका, किनारा कुठल्या महासागराच्या कुठल्या काठाला आहे ते पाहा.

१५ ऑक्टोबर

नकाशा फ्लेक्सवर छापून आणला, ४८० रुपये. छान दिसत होता. पहिलं वादळ अर्थातच निसर्ग. हवामान खात्याच्या नोंदीतलं किनारा ओलांडल्याचं ठिकाण, साधारण १८.३ उत्तर, ७२.९ पूर्व, मोजपट्टीने मोजलं आणि चूक ठोकली. ती गेली गुजरात-राजस्थानच्या सीमेवर, अबूच्या डोंगराखाली!

दोनदा मोजलं, तिथेच. तास गेल्यावर कळलं की नकाशा मर्केटरचा आहे. त्यात विषुववृत्तापासून वर जावं तसं अक्षांशांमधलं अंतर वाढत जातं. नकाशाची वरची कड आर्क्टिक वृत्तावर होती. मी विषुववृत्तापासून तिथपर्यंतच्या उंचीचे सरळ समान भाग पाडले होते, म्हणून सगळी वादळं उत्तरेला ढकलली गेली. सहा अंशांची चूक म्हणजे साडेसहाशे किलोमीटर.

नववीच्या पुस्तकात असतो तो नकाशा मोठा करून छापू नका. अक्षांश-रेखांश दोन्ही समान अंतरावर असलेला साधा नकाशा घ्या. ८ बाय ४ मध्ये तो बरोबर बसतो: ३६० अंश आडवे, १८० उभे, एक अंश म्हणजे पावणेसात मिलिमीटर. ध्रुवांकडची जागा वाया जाते, जाऊ दे.

१९ ऑक्टोबर

दुसरा फ्लेक्स, पुन्हा ४८०. या खेपेला आणखी एक गोष्ट सुधारली. आपल्या नेहमीच्या नकाशात पॅसिफिक मधोमध फाटलेला असतो, अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे. मेक्सिकोहून निघालेलं वादळ १८० रेखांश ओलांडून गेलं की दोरा अख्ख्या जगावरून उलटा ओढावा लागतो. म्हणून नकाशाची शिवण २० अंश पश्चिमेला घेतली. डावीकडे आफ्रिका, मग भारत, चीन, जपान, मधे सलग पॅसिफिक, उजवीकडे अमेरिका, आणि अगदी उजव्या कडेला केप व्हर्दे बेटं. अटलांटिकची कितीतरी मोठी वादळं त्याच भागात जन्म घेतात, ती आता उजवीकडून डावीकडे सरळ चालत येतात. छपाईवाला म्हणाला, "सर, उलटा वाटतोय नकाशा." वाटू दे.

२५ ऑक्टोबर

आज पहाटे दाना ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं. बंगालच्या उपसागरातलं आणखी एक, आणखी एक पूर्व किनारा. मुलांनी त्याची चूक ठोकायची म्हणून भांडण केलं.

कामाचा वेग: एका वादळाला पंधरा ते वीस मिनिटं. आंतरराष्ट्रीय संग्रहात वादळाची जागा दर काही तासांनी दिलेली असते. बारा तासांनी एक चूक पुरते, सगळ्या ठोकत बसलात तर फ्लेक्सची चाळण होईल. चुका अर्ध्या इंची घ्या आणि अर्ध्याच आत जाऊ द्या. मोठ्या घेतल्यात तर मागून टोकं निघतात आणि प्लाय उचलणाऱ्याचे हात फाटतात. एकाचे फाटले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं.

२९ ऑक्टोबर, दिवाळीची सुट्टी

आज तिसावं वादळ लागलं, आणि मागे सरकून बघितलं तर नकाशा खोटं बोलतोय.

मेक्सिकोच्या पश्चिमेचा पॅसिफिक जवळजवळ रिकामा दिसत होता. पण तो तर वादळांची गर्दी असलेला समुद्र आहे, संख्येत वायव्य पॅसिफिकच्या खालोखाल. मग दोरे कुठे गेले? दोष माझ्या निवडीचा होता. मी "प्रसिद्ध" वादळं निवडली होती. प्रसिद्ध कोण होतं? जे जमिनीवर येऊन नासधूस करतं ते. समुद्रातच विरलेल्याचं नावही कुणाला आठवत नाही. म्हणजे जे सिद्ध करायचं होतं, ते मी आधीच चाळणीला लावून ठेवलं होतं.

तीसपैकी बावीस दोरे काढले. आता प्रत्येक समुद्राची यादी घेऊन दर पाचवं वादळ, आवडो न आवडो. जमिनीवर आलेल्याला लाल लोकर, समुद्रात मेलेल्याला पांढरी. तीन दिवस गेले, पण गेले ते बरं झालं. पूर्व पॅसिफिकमध्ये आता पांढऱ्या दोऱ्यांची जुडी दिसते, मेक्सिकोच्या काठावरून निघून पश्चिमेला, हवाईच्या दिशेने पसरलेली. झाडूच्या काड्यांसारखी. वादळं किनाऱ्याजवळच जन्मतात आणि किनाऱ्याकडे पाठ करून चालू लागतात. उष्ण कटिबंधातले वारे पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात, वादळ त्या प्रवाहात भोवऱ्यासारखं वाहत जातं. समोरच्या काठावर जपान, चीन, फिलिपिन्स असतात, ते त्याच्या वाटेत येतात. हे मी दहा वर्षं फळ्यावर शिकवतोय. दोऱ्यात बघितल्यावर मलाच नव्याने कळल्यासारखं झालं.

३ नोव्हेंबर

नकाशाखालच्या पट्ट्या लिहिल्या. सगळ्या पश्चिम किनाऱ्यांसाठी एकच पट्टी: "पश्चिम किनाऱ्यालगत थंड प्रवाह असतो. वादळाला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं पाणी लागतं. म्हणून इथे वादळं येत नाहीत." झकास अक्षर, निळी शाई.

ही पट्टी पुढे फाडावी लागली. त्याची गोष्ट खाली येते.

६ नोव्हेंबर

एका सहकारी शिक्षकांचा आग्रह होता की १८८२ चं मुंबईचं वादळ हवंच, त्यात लाखभर माणसं गेली म्हणे. मीही ते कुठेतरी वाचलं होतं. शोधायला गेलो तर त्याचा मार्ग कुठल्याच संग्रहात नाही. पुढे कळलं की त्या काळच्या वर्तमानपत्रांतही अशा संहाराचा मागमूस नाही. एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत आलेली ती दंतकथा आहे. जिचे अक्षांश-रेखांश मिळत नाहीत तिला चूक ठोकायची नाही, हा नियम केला. सहकारी थोडे रागावले.

१० नोव्हेंबर

थंड पाणी वर येतं ते दाखवायला काचेची टाकी आणली, माशांची, वापरलेली, ६५० रुपये. बेत असा: खाली निळं जड पाणी, वर लाल हलकं पाणी, एका टोकाकडून वारा सोडायचा. वरचं पाणी पुढे ढकललं जाईल आणि वाऱ्याच्या मागच्या टोकाला निळं वर येईल.

निळ्यासाठी कपड्यांची नीळ आणि मीठ. लालसाठी घरात कोकमाचं आगळ होतं, ते घातलं. आगळ सरळ तळाशी जाऊन बसलं आणि सगळी टाकी जांभळी झाली. घरात हसू झालं. आगळात मीठ असतं, ते हलकं कसं राहणार? भूगोलाचा मास्तर, कोकणातला, आणि हे लक्षात येऊ नये.

१३ नोव्हेंबर

खायचा लाल रंग, गोडं पाणी. ओतताना पाण्यावर स्पंजचा तुकडा तरंगत ठेवा आणि त्यावर हळूहळू ओता, थर मोडत नाहीत. केस वाळवायचं यंत्र घरातून आणलं (परवानगी नंतर काढली), गार हवेवर ठेवून वारा सोडला. दहा मिनिटं झाली, निळं हलायला तयार नाही. मीठ जास्त झालं होतं, खालचं पाणी इतकं जड की वाऱ्याला दाद देईना. दहा लिटरला अर्धा किलो घातलं होतं, ते कमी करत करत दोन चमच्यांवर आणलं. मग तिसऱ्या मिनिटाला यंत्राच्या बाजूच्या काचेला निळी जीभ वर चढली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एक खोट राहिली, ती सांगतो, कारण परीक्षकांनी पुढे ती धरलीच. टाकीत वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहतो. खऱ्या कॅलिफोर्नियात तो उत्तरेकडून किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वी फिरते म्हणून वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि खालचं गार पाणी वर येतं. पेरूला वारा दक्षिणेकडून, पाणी डावीकडे सरकतं, तीही समुद्राचीच बाजू. टाकीवर तशी चिठ्ठी आता लावली आहे. फिरती टाकी करायची हिंमत नव्हती.

१८ ते २१ नोव्हेंबर

विधानसभेची निवडणूक. वर्गखोली मतदान केंद्राला गेली, मी ड्युटीवर. बोर्ड कुणीतरी व्हरांड्यात उभा टेकवला, तो पालथा पडला. परत आलो तर अकरा वादळांची लोकर सुटून एकमेकांत अडकलेली, आणि सगळ्यात वाईट गुंता पॅसिफिकमध्ये. एक पूर्ण संध्याकाळ. प्रत्येक दोऱ्याच्या सुरुवातीला क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली असती तर तासाभराचं काम होतं. बांधा.

२४ नोव्हेंबर

आता ती पट्टी. सराव म्हणून मुलांना एकेक किनारा समजावून सांगायला लावला होता. हर्णैची एक मुलगी, घरची होडी आहे, कोकणासमोर उभी राहिली, पट्टी वाचली आणि थांबली.

"सर, आपला समुद्र थंड कुठे असतो? मे महिन्यात पाण्यात उतरलं की कोमट लागतं."

बरोबर होतं तिचं. मेअखेर आपल्या समोरचं पाणी तीस अंशांच्या आसपास असतं. वादळाला हवं त्याहून कितीतरी जास्त. कॅलिफोर्नियाला उन्हाळ्यातही पंधरा ते वीस. मी कॅलिफोर्नियाचं उत्तर उचलून कोकणाला चिकटवलं होतं.

पट्टी फाडली. चार दिवस पुन्हा वाचत बसलो. मुलांशी बोलताना दाराच्या दोन कड्यांची कल्पना निघाली, वर्गातल्याच एकाची. किनाऱ्याला दोन कड्या: एक पाण्याची, एक वाऱ्याची. पाणी थंड असेल तर पहिली लागलेली, वारा वादळाला किनाऱ्यापासून दूर नेत असेल तर दुसरी. प्रत्येक किनाऱ्याची कुठली लागलेली आहे ते बघायचं.

कॅलिफोर्नियाला दोन्ही लागलेल्या. तरी १८५८ च्या २ ऑक्टोबरला सॅन दिएगोला वादळ लागलं होतं, १९३९ च्या सप्टेंबरमध्ये लाँग बीचला एक येऊन गेलं, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये हिलरी. पण हिलरीचा दोरा बघा: थंड पाण्यावर येता येता ते खंगत गेलं आणि पाऊसच जास्त पाडून गेलं.

मेक्सिकोला पाण्याची कडी नाहीच. वाऱ्याची आहे, पण ढिली. वादळ कधी मागे वळून ईशान्येला आलं की संपलं. २०१५ च्या ऑक्टोबरमधलं पॅट्रिशिया समुद्रावर असताना ताशी ३४५ किलोमीटरपर्यंत चढलं होतं. २०२३ मध्ये ओटिस अकापुल्कोवर आलं. म्हणजे "पश्चिम किनारा सुरक्षित" हे वाक्य मेक्सिकोच्या माणसासमोर म्हणायची सोय नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियाला तर दोन्ही सताड उघड्या. तिथे किनाऱ्यालगत ल्यूविन नावाचा उबदार प्रवाह दक्षिणेला वाहतो, बाकीच्या पश्चिम किनाऱ्यांच्या अगदी उलट. वादळं आधी नैर्ऋत्येला जातात, मग आग्नेयेला वळतात आणि जमिनीवर येतात. १० एप्रिल १९९६ ला ऑलिव्हिया वादळात बॅरो बेटावर ताशी ४०८ किलोमीटरचा झोत मोजला गेला. तिथली लाल लोकर लावताना मुलांनी विचारलं, "सर, हा पण पश्चिमच ना?" हो, हा पण पश्चिमच.

आणि ब्राझीलचा पूर्व किनारा लाल असायला हवा, तर तिथे एकच दोरा: मार्च २००४, कातारिना. दक्षिण अटलांटिकमध्ये खालचा आणि वरचा वारा इतका वेगळा असतो की वादळ उभंच राहत नाही.

२८ नोव्हेंबर

कोकणाची नवी पट्टी. सातव्यांदा लिहिली.

पाण्याची कडी उघडी. वाऱ्याची लागलेली, आणि शिवाय आमच्याकडे तिसरी एक आहे, पंचांगाची. जूनमध्ये पाऊस लागल्यापासून सप्टेंबरपर्यंत खाली नैर्ऋत्येचा वारा आणि वर पूर्वेकडून येणारा जोरदार झोत. वादळाचं धड एकीकडे ओढलं जातं, डोकं दुसरीकडे. म्हणून ऐन पावसाळ्यात, समुद्र उधाणलेला असूनही, चक्रीवादळ सहसा जमत नाही. (यंदा ३० ऑगस्टला कच्छजवळ आस्ना झालं, ते अपवाद म्हणूनच गाजलं, आणि तेही पश्चिमेलाच गेलं.) राहतात पावसाच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे. त्यातही अरबी समुद्रात बंगालच्या उपसागराच्या साधारण पाव वादळं होतात, आणि झाली तरी आपला काठ त्यांच्या पाठीमागे पडतो. गोनू आणि मेकुनु ओमानला गेली. तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासत वर गुजरातला गेलं, बिपरजॉयही तिकडेच. २०१९ चं क्यार रत्नागिरीच्या समोर येऊन उभं राहिलं आणि वळून पश्चिमेला निघून गेलं. त्याचा पांढरा दोरा मुलं बोटाने पुन्हा पुन्हा गिरवतात.

वरच्या वाऱ्याने नेमक्या वेळी ईशान्येला ओढलं तरच ते आपल्याकडे येतं: नोव्हेंबर २००९ चं फयान, आणि निसर्ग. कडी लागलेली आहे, कुलूप नाही.

पट्टीवर निसर्गाची वेळ सकाळी ७ ते ९ लिहिली होती. एक पोरगा म्हणाला, "नाही सर, आमच्याकडे जेवणं चालली होती." संग्रहातली वेळ ग्रिनिचची असते, साडेपाच तास मिळवायचे राहिले होते. दुपारी साडेबारा ते अडीच. वाऱ्याचे आकडेही नॉटमध्ये असतात, ताशी किलोमीटरसाठी १.८५ ने गुणा. आपलं खातं तीन मिनिटांची सरासरी धरतं आणि अमेरिकेचं एका मिनिटाची, म्हणून निसर्ग आणि पॅट्रिशिया एका तक्त्यात शेजारी मांडू नका.

४ डिसेंबर

पुदुच्चेरीला आलेल्या फेंगलचा उरलासुरला भाग जमीन ओलांडून अरबी समुद्रात उतरला. आभाळ भरून आलंय, मोहोराची सगळ्यांना काळजी. मुलांनी त्याच्यासाठी गुलाबी लोकर मागितली: मेलं पण भूत आलं. दिली.

१४ डिसेंबर

प्रदर्शन झालं. दुसरा क्रमांक. पहिला सौर चुलीला, तो दरवर्षी तिलाच.

खर्च: फ्लेक्स दोन ९६०, प्लाय २,१५०, चुका ९०, लोकर ३२०, टाकी ६५०, रंग ३०, टेम्पो ३००. एकूण ४,५००. शाळेने ३,००० दिले.

दुपारी एका मुलाची आजी आली होती, दिवेआगरची माहेरवाशीण. बाकी जग तिने पाहिलंच नाही, थेट निसर्गाच्या लाल दोऱ्याच्या टोकाशी आली आणि म्हणाली, "यात आमची वाडी कुठली रे?" मी चुकेच्या डोक्याकडे बोट केलं. तीन मिलिमीटरचं डोकं, म्हणजे जमिनीवर जवळजवळ पन्नास किलोमीटर. दिवेआगर आणि आसपासचा सगळा किनारा त्याच्या खाली.

"एवढ्याशात?" ती म्हणाली. "आमच्या एकट्याच्या चाळीस पोफळी पडल्या."

पुढच्या वर्षी शेजारी कोकणपट्टीचा वेगळा बोर्ड करायचा, ४ बाय ४. जुनं प्लाय शाळेत पडून आहे. माप आज काढून ठेवलं: एक किलोमीटरला अडीच मिलिमीटर.